सोनेरी काठाचा कप

मे महिन्यात नागपुरातला माणूस कोणाच्याही घरात शिरला की चपला काढायच्या आधी कूलरचं बटण शोधतो. मीही तेच केलं. समोरच्या मेश्राम मॅडमकडे विरजण मागायला गेलो होतो. भर दुपारी खोलीच्या खिडक्या बंद, पंखा बंद, कूलर बंद, आणि मॅडम डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून टेबलापाशी वाकून बसलेल्या. मला वाटलं, वीज गेली असेल, आता आली असेल, बाईंच्या लक्षात आलं नसेल. तेवढीच शेजारधर्माची सेवा म्हणून मी बटण दाबलं.

कूलरचं तोंड नेमकं टेबलाकडे होतं. टेबलावर चिनी मातीचं पांढरं ताट होतं आणि ताटात मोहरीएवढ्या गोळ्यांचे छोटे छोटे ढीग होते. पिवळा, केशरी, विटकरी, मेंदीसारखा हिरवट, राखी. मॅडमनी सकाळपासून चिमट्यानं एकेक गोळी उचलून रंगांप्रमाणे वेगळी काढली होती. कूलरनं पहिल्या फुंकरीत ते सगळे रंग एक केले, दुसऱ्या फुंकरीत जमिनीवर सांडले आणि वरून पाण्याचे शिंतोडेही उडवले. पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्यामुळे नको तिथे पाणी पोहोचवण्याचा मला सरकारी अनुभव आहे.

मॅडम ओरडल्या नाहीत. "चौधरीभाऊ, पाय उचलू नका," एवढंच म्हणाल्या.

मी एक पाय आधीच उचलला होता. त्यामुळे त्या मऊ कुंचल्यानं फरशी झाडत माझ्यापर्यंत येईस्तोवर मी तसाच बगळ्यासारखा उभा राहिलो. सगळं गोळा झाल्यावर त्यांनी सांगितलं, की हा पराग तुमच्या प्रशांतच्या पेट्यांमधला आहे.

प्रशांत म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. बुटीबोरीच्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं सावनेरजवळ मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. मध विकणारे पुष्कळ झाले, म्हणून त्याला पराग विकायचा होता. पेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी लावतात. माशी आत शिरताना तिच्या मागच्या पायांना चिकटवलेल्या परागाच्या गोळ्या त्या जाळीत अडकून खालच्या ताटलीत पडतात. पुण्याचं एक गिऱ्हाईक तो माल घ्यायला तयार होतं, पण त्याला कळायला हवं होतं की पराग कोणत्या झाडांचा, किती स्वच्छ, किती कोरडा. ते सांगणारं माणूस आमच्या घरासमोरच राहत होतं. सुनंदाला हे माहीत होतं. मला समोरच्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत आणि त्यांचं दही घट्ट लागतं, एवढंच माहीत होतं.

मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. नवरा गेल्यावर आणि मुलगी बंगळूरला गेल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीत मायक्रोस्कोप मांडला. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची आणि दुसरी एका काटेरी गोळ्याची. तो जास्वंदीच्या परागाचा एक कण होता, हजारपट मोठा केलेला. गॅसवाला पोऱ्या दोन्हींना हात जोडायचा. करोनानंतर मात्र पाहुणे त्या दुसऱ्या तसबिरीपासून जरा लांब बसायला लागले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी मूठभर गोळ्या हातात घेऊन मूठ आवळायची. मूठ उघडल्यावर गोळ्या सुट्या झाल्या तर माल कोरडा. लाडू झाला तर ओल आहे, आठवड्यात बुरशी येणार. मग वास. मग एकच गोळी पुढच्या दातांखाली धरून डोळे मिटायचे. त्यानंतर ताट, चिमटा आणि ढीग. शेवटी प्रत्येक ढिगातली गोळी पाण्यात विरघळवून, काचेवर पसरून, गुलाबी रंग देऊन भिंगाखाली. तिथे मग त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, आणि ते आमच्याशी नसायचं. "हा कडुनिंब. हा पण कडुनिंब. तू कोण रे? तोंड फिरव जरा. हां, शेवगा. बस."

ओळख पटावी म्हणून त्यांनी शहरातल्या जवळजवळ प्रत्येक झाडाच्या परागाच्या काचपट्ट्या करून ठेवल्या होत्या. त्यासाठी त्या स्कूटर थांबवून दुभाजकावर चढायच्या. एकदा सिव्हिल लाइन्समध्ये वाहतूक पोलिसानं त्यांना अडवलं. या वयात रस्त्याच्या मधोमध चढून काय करून राहिल्या, असं तो विचारायला लागला. मॅडमनी त्याला झाडाचं लॅटिन नाव सांगितलं. त्यानं लायसन्स मागितलं.

त्यांच्या गच्चीवर त्यांची स्वतःची एक पेटी होती. दर रविवारी त्या पेटीचं ताट सुनंदाला दाखवायच्या. आमच्या गल्लीत तेव्हा करंजाची रांग होती, मागे कडुनिंब होते, मैदानाच्या कडेला शिसम आणि शेवगा. ते ताट रांगोळीसारखं दिसायचं. "माझ्या माशा तुझ्या भावाच्या माशांपेक्षा चांगलं जेवतात बरं का," असं त्या सुनंदाला चिडवायच्या. आणि मग थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात म्हणायच्या, "प्रशांतच्या ताटातले रंग कमी होऊन राहिले. लक्ष ठेव म्हणा त्याला."

आता कपांबद्दल.

मॅडमकडे चहा स्टीलच्या ग्लासात मिळायचा. काचेच्या कपाटात मात्र सोनेरी काठाचे पांढरे कप होते, ते कधी बाहेर यायचे नाहीत. मी ते बाहेर आलेले पहिल्यांदा पाहिले ते इतवारीतला एक व्यापारी आला तेव्हा. मी मॅडमकडे पेपर वाचायला बसलो होतो. व्यापाऱ्यानं आदल्या दिवशी बाटलीभर 'जंगलचा पराग' तपासायला दिला होता. मॅडमनी त्याला त्या कपात चहा दिला. तो खूश झाला, कप हातात फिरवून पाहिला, असे आता मिळत नाहीत म्हणाला. मॅडमनी त्याचा शेवटचा घोट होऊ दिला. मग म्हणाल्या, "शेठ, यात हरभरा आहे. फुलातला नाही, गिरणीतला."

व्यापारी बेसनाबद्दल काहीबाही बोलत निघून गेला. मला वाटलं, बाई खवचट आहेत. घरी येऊन रंगवून सांगितलं तर सुनंदा हसली नाही. तिला कपांची हकीकत ठाऊक होती. मेश्राम सरांचा आजार सांगताना डॉक्टरनं मॅडमना साधं बसाही म्हटलं नव्हतं. फोनवर बोलता बोलता, कागदावर पेन टेकवून, त्यानं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून मॅडमनी ठरवलं की वाईट सांगायचं झालं तर माणसाला आधी बसवायचं, चांगल्या कपात चहा द्यायचा, तो पूर्ण पिऊ द्यायचा आणि मग सांगायचं.

हे कळल्यापासून माझी पंचाईत झाली. त्यांच्याकडे गेलो की माझं लक्ष पहिल्यांदा चहाच्या भांड्याकडे जायचं. ग्लास दिसला की जीव भांड्यात पडायचा. एकदा सगळे ग्लास घासायला पडले होते म्हणून त्यांनी मला कपात चहा दिला. मी तो हातात धरून इतका वेळ बसलो की त्यावर साय आली. शेवटी त्यांनाच हसू फुटलं. "प्या हो. बाईनं ग्लास घासले नाहीत, एवढंच आहे."

दुसऱ्या वर्षीच्या नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, प्रशांत सावनेरहून एक बरणी घेऊन आला. त्याची बायको, वर्षा, तेव्हा दिवसांत होती, आणि त्याचा चेहरा बाप होणाऱ्या माणसाचा असतो तसा उगाच चमकत होता. बरणीत पिवळ्या गोळ्यांपेक्षा काळ्या जास्त होत्या. चकचकीत, मोत्यासारख्या गोल.

"भाऊजी, हे पाहा. असा माल अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे नाही."

मी बरणी उजेडात धरली आणि हे नक्की एखाद्या औषधी वनस्पतीचं काम आहे, असं ठणकावून सांगितलं. वनस्पतीचं नावही सुचवलं. मला ओळखता येणाऱ्या वनस्पतींत तुळस आणि कोथिंबीर येतात. प्रशांतनं पुण्याच्या गिऱ्हाइकाला 'काळा पराग' मिळाल्याचं आधीच कळवून टाकलं होतं.

सुनंदाला घेऊन आम्ही तिघं मॅडमकडे गेलो. त्यांनी ताटात गोळ्या ओतल्या आणि या वेळी चिमटा उचललाच नाही. एक काळी गोळी अंगठ्याच्या नखावर घेऊन चिरडली, नख उजेडाकडे धरलं. मग काचपट्टी केली. भिंगावर वाकल्या. दुसऱ्या गोळीची पट्टी केली. तिसरीची. भिंग बदललं. कणांशी बोलणाऱ्या बाई त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. पंखा बंदच होता, घाम माझ्या कानामागून कॉलरात उतरत होता आणि प्रशांत आरामात पाय हलवत बसला होता.

मॅडम उठून आत गेल्या. आतून चिनी मातीचा आवाज आला, बशीवर कप टेकल्याचा. सुनंदानं माझं मनगट घट्ट धरलं.

"प्रशांत, चहा घे."

"कोणतं फूल निघालं, मॅडम?"

"आधी चहा घे."

तो प्यायला. बशीत सांडलेलंही प्यायला. मॅडम त्याच्या समोर बसल्या.

"यात फूल नाही," त्या म्हणाल्या. "परागाचा एक कण नाही. कोळशाची भुकटी आहे. माशीनं मधात कालवून पायाला बांधली आणि घरी नेली."

प्रशांत हसला. "माशी कोळसा कायले नेईन, मॅडम?"

"घरात पिल्लं आहेत तिची. त्यांना भरवायला पराग लागतो. फुलं मिळाली नाहीत की भुकटीसारखं जे दिसेल ते ती घेऊन जाते. पीठ नेते, लाकडाचा भुसा नेते. तुझ्याकडे खाणीचा रस्ता आहे."

"पण धावपळ पाहा ना त्यायची. पेटीसमोर उभं राहू देत नाही, एवढी गर्दी."

"उपाशी घरातच धावपळ जास्त असते, बाबा."

त्यांनी त्याला सांगितलं की पावसाची वाट पाहू नको, पेट्या या आठवड्यात हलव. कुहीकडे नदीच्या पात्रात टरबुजाच्या वाड्या अजून फुलावर आहेत, तिकडे ने. प्रशांत हो म्हणाला आणि जिना उतरताना आम्हाला म्हणाला की म्हातारीचं भिंग जुनं झालं. वर्षाला आठवा महिना होता. अशा उन्हात पेट्या गाडीत घातल्या तर मेण वितळून सगळं वाहून जाईल, ही भीतीही खोटी नव्हती. नोकरी सोडून त्यानं जे काही केलं होतं ते सगळं त्या पेट्यांत होतं. पाऊस तोंडावर आला आहे, पाऊस आला की फुलं येतील, असा त्याचा हिशेब होता. मला तो पटला. मला कोणाचाही हिशेब शेवटच्या बोलणाऱ्यापर्यंत पटतो.

पाऊस आला नाही. सुनंदा रोज फोन करायची, प्रशांत रोज सगळं ठीक म्हणायचा. मग एका सकाळी त्यानं बहिणीला सोडून मला फोन केला. बहिणीला आवाजावरून कळलं असतं.

"भाऊजी, मॅडमले विचारा ना जरा. पेट्यांसमोर पांढरं पांढरं काहीतरी पडून राहिलं. मी सकाळी झाडतो, दुपारी पुन्हा तेवढंच असते."

मी रस्ता ओलांडून मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गाडी काढा," म्हणाल्या.

सावनेरच्या पुढे खाणीकडचा रस्ता तेव्हा रुंद करून झाला होता. दोन्ही बाजूंना झाडांचे बुंधे उरले होते. मॅडम खिडकीतून पाहत बुंध्यांची नावं घेत होत्या. हा कडुनिंब. बाभूळ. हाही कडुनिंब. शिसम होता हा. भिंगावर वाकून बोलायच्या तोच आवाज होता. थोड्या वेळानं नावं थांबली. ताडपत्री बांधलेले ट्रक समोरून येत होते आणि प्रत्येक ट्रकमागे रस्ता क्षणभर दिसेनासा व्हायचा. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं की सावली नसली तरी रस्ता झकास झाला आहे, चहाही सांडणार नाही. मागच्या सीटवरून सुनंदानं माझ्या खांद्याला नुसता हात लावला.

पेट्यांजवळ खरोखरच गर्दी होती. माश्या येत होत्या, जात होत्या, पायांना काळे गोळे बांधून दारात उतरत होत्या. पेट्यांसमोरच्या जमिनीवर तांदूळ सांडल्यासारखं दिसत होतं. मॅडम गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि त्यातलं थोडं तळहातावर घेतलं. मी वाकून पाहिलं. ते किडे होते, मऊ, पांढरे, अर्धवट वाढलेले. काही अजून हलत होते.

"पिल्लं आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "आयाच बाहेर आणून टाकतात. खायला नसलं, की पेटीत आधी..."

एवढ्यात वर्षा पाण्याचा तांब्या घेऊन घराच्या दारातून बाहेर आली. एक हात पोटावर, चेहरा उन्हानं लाल. "काय सापडलं मॅडम?" तिनं विचारलं.

मॅडमनी मूठ मिटली. "काही नाही वं. दे पाणी, घसा सुकला माझा."

मूठ पदराआड धरून त्या डाव्या हातानं पाणी प्यायल्या. वर्षा आत जाईपर्यंत ती मूठ उघडली नाही. परतीच्या वाटेवर गाडीत बसतानाही मिटलेलीच होती.

प्रशांतनं दिवस कलल्यावर पेट्या हलवल्या. कुहीला पोहोचून जगल्या त्या निम्म्याहून कमी. तो तिथेच नदीकाठी टिनाच्या शेडमध्ये राहायला लागला, वर्षा बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि मुलगा झाल्यावरही इथेच राहिली. तिकडे लेकराला घेऊन जायचं कुठे? पुण्याचं गिऱ्हाईक गेलं. पण प्रशांतच्या नंतरच्या ताटात पिवळा रंग होता, आणि मॅडमनी त्याला स्टीलच्या ग्लासात चहा दिला तेव्हा तो गडी ग्लास तोंडाला लावायच्या आधी रडला. तोवर त्यालाही कपांचं कळलं होतं.

त्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता आला आणि करंजाची रांग गेली. मागचे कडुनिंब कोणाच्या तरी पार्किंगसाठी गेले. मॅडमनी अर्ज केले, मीही सही केली. सही करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. खाणीचे ट्रक आता आमच्या चौकातूनही जायचे आणि गच्चीवर काळसर थर बसायला लागला. मी त्याला धूळ म्हणायचो. सुनंदा दोरीवरचे कपडे झटकून घड्या घालायची. रविवारचं ताट दाखवायला मॅडम बोलावीनाशा झाल्या. विचारलं तर म्हणायच्या, "पाहू पुढच्या रविवारी."

आता त्यांच्या दाराला कुलूप आहे. मुलगी येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेली, पेटी प्रशांतनं नेली. त्या जायच्या आठवडाभर आधी मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं.

एप्रिलची संध्याकाळ होती. मी कूलरसाठी टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर गेलो होतो. आमच्या दोरीवर बाळाची झबली आणि लंगोट वाळत होते. समोरच्या गच्चीवर मॅडम आपल्या पेटीजवळ स्टुलावर बसल्या होत्या. पेटीच्या दाराशी माश्यांची गर्दी होती, नुसती ये-जा चालू होती. मॅडमनी जाळीखालची ताटली ओढून काढली आणि पांढऱ्या ताटात उपडी केली; लांबूनही ढीग काळसर दिसला. एक गोळी अंगठ्याच्या नखावर घेतली, चिरडली आणि नख मावळतीच्या उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. भिंगाकडे त्या गेल्याच नाहीत.

मग ताट कठड्यावर ठेवून खाली गेल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सोनेरी काठाचा कप होता. पेटीकडे तोंड करून बसल्या आणि घोट घोट करत संपूर्ण चहा प्यायल्या. मध्येच त्यांना मी दिसलो. त्यांनी कप जरासा वर करून, तुम्हाला हवा का, असं खुणेनं विचारलं. मी नको म्हणून हात हलवला. नको म्हणून हात हलवण्यासारखं ते नव्हतं, हे मला जिन्यात कळलं.

खाली सुनंदा पाय पसरून बाळाला तेल लावत होती. मी तिला सांगितलं की मॅडम आज गच्चीवर कपात चहा पिऊन राहिल्या. तिचा हात बाळाच्या पाठीवर थांबला.

"कोण आलं होतं त्यायच्याकडे?"

"कोणीच नाही. एकट्याच होत्या."

मग तिनं बाळाला टॉवेलात गुंडाळून जवळ घेतलं आणि म्हणाली, "पोराचे कपडे दोरीवर आहेत ना अजून? ते काढून आना आधी. आन झटकू नका. तसेच पाण्यात टाका."